नाडी बहात्तर, नियमित

माझं पोट सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुखतं. सकाळी नऊ ते एक. मधल्या सुट्टीत दुखत नाही. दुखणं बेंबीजवळ सुरू होतं, सहा तासांनी उजवीकडे खाली सरकतं, आणि तिथे कुणी दाबून एकदम हात काढला की मी "आई गं" म्हणतो. हे "आई गं" छापील आहे. आधी मी मनानेच "अयाईगंऽऽ मेलो" म्हणायचो, पण ते अपेंडिक्सला शोभत नाही, असं सराव घेणाऱ्या मॅडमचं मत पडलं.

मी खोटा पेशंट आहे. मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना सरावासाठी आणि परीक्षेसाठी माणूस लागतो. खरा पेशंट चालत नाही, कारण तो एकाला एक सांगतो, दुसऱ्याला दुसरं, आणि कधीकधी परीक्षा संपायच्या आत बरा होतो. म्हणून आम्ही. आम्हाला कागद मिळतो. त्यावर आमचं दुखणं, वय, सवयी, घरची माणसं असं सगळं दिलेलं असतं. कागदावरचा मी बत्तीस वर्षांचा, विवाहित, दुकानदार. प्रत्यक्षात मी सत्तावीस वर्षांचा, आईजवळ राहणारा, आणि दुकानात उभा राहिलो तर लोक दुसऱ्या दुकानात जातात.

कामात मी बरा आहे. मागच्या वर्षी एका नवीन डॉक्टरने मला सराव चालू असताना पाहिलं आणि थेट स्ट्रेचरवर घालून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत नेलं. विरोध कागदावर नव्हता, म्हणून मी केला नाही. दारात एका नर्सने ओळखलं म्हणून अपेंडिक्स वाचलं.

आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे चक्करकाका. चौदा वर्षं चक्कर येऊन पडतायत, एकदाही खरचटलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन धंद्याचं गुपित सांगितलं.

"लेका, एवढंच लक्षात ठेव. कागदावर नाही ते तुला होत नाही. कुणी काहीही विचारू दे, कागदावर नसेल तर उत्तर एकच. 'नाही.' डोकं दुखतं? नाही. ताप? नाही. मग मुलं नीट पास-नापास होतात. तू मनाने एक शिंक दिलीस ना, की एखाद्याचं वर्ष जातं."

मला हे पटलं. इतकं पटलं की दोन महिन्यांपासून अधूनमधून छातीत फडफड व्हायची, जिना चढल्यावर जास्त, तेव्हा मी मनातल्या मनात "नाही" म्हणायचो. मला वाटायचं, शरीर आपापलं पुढच्या भूमिकेची तयारी करतंय.

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर सहा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट आणि एक खरा परीक्षक. दर दहा मिनिटांनी घंटा. घंटा झाली की विद्यार्थी पुढच्या खोलीत. त्यांना नाव नसतं, छातीवर नंबर असतो. माझ्या खोलीत मॅडम होत्या. मॅडमच्या हातात यादी होती. विद्यार्थ्याने योग्य प्रश्न विचारला की खूण, योग्य जागी दाबलं की खूण. नाडी तपासून "बहात्तर, नियमित" म्हटलं की दोन खुणा.

बहात्तर हा सगळ्या विद्यार्थ्यांचा लाडका आकडा आहे. सकाळपासून बारा जण येऊन गेले. बाराही जणांनी माझं मनगट धरलं, खिडकीबाहेर बघत चार-पाच सेकंद विचार केल्यासारखं केलं आणि बहात्तर सांगितले. एकाने मनगट उलटं धरलं होतं. त्यालाही बहात्तर मिळाले.

मधल्या सुट्टीत तळमजल्यावर कॉफीचं मशीन बिघडलं, म्हणजे बटण दाबलं की एकाऐवजी तीन कप द्यायला लागलं. टाकून देणं जिवावर आलं, मी तिन्ही प्यायलो. मग लिफ्टकडे गेलो तर लिफ्ट बंद. चक्करकाकांनी आत उभ्या-उभ्या जरा सराव केला होता, आणि नव्या वॉचमनने घाबरून धोक्याचं बटण दाबलं होतं. घंटा व्हायला एक मिनिट होतं. मी तीन मजले धावत चढलो आणि कॉटवर आडवा झालो. छातीत फडफड सुरू झाली. मी मनात "नाही" म्हटलं. दार उघडून सतरा नंबर आत आली.

मुलगी घाबरलेली होती. पण आल्याआल्या तिने आधी हात एकमेकांवर चोळले, कारण ते थंड होते. याला यादीत खूण नाही. मग म्हणाली, "नमस्कार, मी तुम्हाला तपासते हं. कुठे दुखतंय सांगा. घाई नाही." घाई होती, दहाच मिनिटं होती, पण बरं वाटलं. पोट तिने व्यवस्थित तपासलं. मी छापील "आई गं" म्हणालो. ती चटकन "सॉरी सॉरी" म्हणाली. मॅडमनी तीन खुणा केल्या.

मग तिने मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती मोजत राहिली. चार सेकंद झाले, दहा झाले. मॅडमनी पेन आपटायला सुरुवात केली. सतरा नंबर पुरं एक मिनिट मोजत होती, आणि मिनिट संपल्यावर भुवया आवळून तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

"तुम्हाला छातीत धडधडतं का हो?"

कागदावर नव्हतं. "नाही."

"मध्येच ठोका चुकल्यासारखं? जिना चढल्यावर वगैरे?"

"नाही."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास? आई, वडील?"

कागदावरचे माझे वडील ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. "नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण दुकानदाराकडे बघतो, जेव्हा तो माल समोर दिसत असताना संपला म्हणतो. मग मॅडमकडे वळली. "मॅडम, पोटाचं अपेंडिक्स वाटतंय. पण यांची नाडी अनियमित आहे. ऑपरेशनच्या आधी हृदय तपासायला हवं."

"नक्की?" मॅडम म्हणाल्या. त्या आवाजात म्हणाल्या, ज्या आवाजात परीक्षक 'नक्की' म्हणाले की शहाणा विद्यार्थी लगेच 'नाही' म्हणतो.

सतरा नंबरच्या मानेवर लाल चट्टे आले. तिने पुन्हा एकदा माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "नक्की," ती म्हणाली, आणि घंटा झाली.

मॅडमनी यादीखाली लिहिलं: नसलेले लक्षण सांगितले. उणे चार.

पुढची अठरा नंबर आली. तिने त्याच मनगटाला, त्याच फडफडीत, बहात्तर दिले.

एक वाजता माझं पोट थांबलं. पाण्याच्या कूलरजवळ सतरा नंबर भिंतीला टेकून उभी होती. हातातला ग्लास भरून वाहत होता आणि तिचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

"तुम्ही अपेंडिक्स ना?" ती म्हणाली.

"हो. म्हणजे एक वाजेपर्यंत."

"दोन गुणांनी गेले मी, मॅडमनी आत्ताच सांगितलं. बाकी पाच खोल्या नीट झाल्या. तुमच्या खोलीत गेले." ती हसली, पण ते हसू तिला जमलं नाही. "मागच्या वर्षी पण गेले होते. तेव्हा एका पेशंटच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, आणि मी गप्प बसले. म्हटलं, आपल्यालाच भास झाला असेल. तो आवाज होता. यादीत होता. या वर्षी ठरवलं, जे जाणवेल ते बोलायचं." तिने बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली. "आता खरंच भास झाला. मला कळतच नाही, ही बोटं कधी खरं सांगतात. अशा माणसाने डॉक्टर होऊ नये हेच बरं. घरी तसंच सांगणार आहे, सोडते म्हणून."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्याकडे त्या प्रसंगाचा कागद नव्हता. मी "बरं" म्हणालो. यापेक्षा वाईट उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

मॅडम सामान आवरत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, सतरा नंबर बरोबर होती. मला खरंच धडधडतं."

"कागदावर आहे?"

"नाही. छातीत आहे."

"अरे, तू तिला तीनदा नाही म्हणालास. माझ्यासमोर. आता ती रडली म्हणून तुला हृदयरोग झाला?" मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पर्स खाली ठेवली. "हे बघ, मलाही वाईट वाटतं. पण उद्या बाराला निकाल लागतो. पुरावा आण, मी स्वतः दुरुस्त करते. नुसतं तुझ्या तोंडी? तुझा तर धंदाच हा."

मी थेट ईसीजीच्या खोलीत गेलो. तिथले तंत्रज्ञ मला ओळखतात, आम्ही त्यांना मामा म्हणतो.

"या! आज काय, अॅटॅक का?"

"मामा, खरंच काढा."

"खरंच?" मामांनी डोळा मारला आणि पलीकडच्या नर्सला हाक दिली. "अगं ये, बघायला ये, आज हा 'खरंच' करतोय." नर्स आली. दोघांनी माझा चेहरा बघितला. "घाम येत नाहीये बघ," मामा म्हणाले, "घामाचं त्याला अजून जमत नाही." ईसीजी निघाला. सुरेख आला. छापून भिंतीवर लावावा असा. मामांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "नाही जमलं आज. होतं असं. चक्करकाकांना विचार."

घरी आईला सांगितलं. आई शेजारीपाजारी सगळ्यांना 'मुलगा मेडिकल कॉलेजला असतो' एवढंच सांगते, पुढचं कुणी विचारलं तर तिला गॅसवर काहीतरी आठवतं.

"आई, मला छातीत धडधडतं. दोन महिने झाले."

"ऑफिसचं काम घरी आणू नकोस," आई म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. चौथ्या घडीला तिचा हात थांबला. "परत म्हण."

मी परत म्हटलं. या वेळी वाईट म्हटलं, अडखळत, मध्येच खोकत. सरावात असं म्हटलं असतं तर मॅडमनी बाहेर काढलं असतं. आई खाली बसली. बाबा गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. बस पकडायला धावले, बस पकडली, खिडकीची जागा मिळाली, आणि शेवटच्या स्टॉपला कंडक्टर उठवायला गेला.

"उद्याच्या उद्या दाखव," ती म्हणाली. "खऱ्या डॉक्टरला."

मी म्हटलं, त्यातली एक आहे, पण तिला आज सकाळपासून कुणी डॉक्टर होऊ देत नाहीये.

सकाळी अकरा वाजता मी मोठ्या सरांच्या केबिनसमोर होतो. मोठे सर परीक्षेचे प्रमुख. त्यांना भेटायला आठ दिवस आधी वेळ घ्यावी लागते. मी दारात पोट धरून वाकलो. लगेच आत घेतलं.

आत मॅडम निकालाच्या कागदांवर सह्या घेत होत्या. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मी सगळं सांगितलं. मोठ्या सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि नाडी बघितली. म्हातारा माणूस, जुन्या पद्धतीचा, पुरं मिनिट बघितली.

"बहात्तर," सर म्हणाले. "नियमित."

माझ्या हृदयाने आयुष्यात पहिल्यांदा कागदाप्रमाणे काम केलं होतं.

"त्या मुलीला बोलवा," सर म्हणाले. "तिने हे मनाने रचलं असेल तर तेही कळेल."

सतरा नंबर आली. आज छातीवर नंबर नव्हता, पण मला दुसरं काही म्हणता येईना. सरांनी तिला माझी नाडी बघायला सांगितली. साधी गोष्ट होती. तिने 'अनियमित' म्हटलं असतं तर सरांनी तिथल्या तिथे खोटं पकडलं असतं. 'नियमित' म्हटलं तर कालचं खोटं ठरत होतं. तिने हात चोळले आणि मोजायला लागली. मी मनातल्या मनात हृदयाला म्हटलं, बाबा रे, एवढं एकदा बिघड.

"आत्ता नियमित आहे, सर."

"मग काल?"

"काल नव्हती."

"म्हणजे काल आपली चूक झाली."

"नाही सर." आवाज कापत होता, पण शब्द जागच्या जागी होते. "काल नव्हती." मग ती माझ्याकडे वळली. "काल मी यायच्या आधी तुम्ही काय करत होतात? खरं सांगा. दुकानदाराचं नको, तुमचं."

मी सांगितलं. तीन कप कॉफी, तीन मजले.

"आणि वडील?"

मी बाबांचं सांगितलं. बसचं, खिडकीचं. सगळं चाळीस सेकंदांत झालं. मॅडम सही घ्यायचं विसरल्या.

"सोपं आहे मग," सर म्हणाले. त्यांना उत्साह आला होता. "कॉफी मागवा. याला तीन मजले चढवू, वर परत नाडी बघू. पाच मिनिटांत सोक्षमोक्ष."

"नको, सर."

"अगं, तुझ्याच फायद्याचं आहे."

"कळतंय सर. पण वडिलांचं ऐकल्यावर यांना चढवायचं नाही. अंगाला मशीन लावून एक दिवस ठेवा. तसं आपोआप सापडेल."

"निकाल बाराला लागतो. अकरा पस्तीस झालेत. तू नापास लागशील."

"मग लागू दे," सतरा नंबर म्हणाली. असं म्हणून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मी टेबलावरची सरांची कॉफी उचलली आणि प्यायलो. मग मॅडमची प्यायलो. ती बिनसाखरेची होती, पण वेळ तशी नव्हती. मग मी केबिनमधून बाहेर पडलो आणि जिन्याकडे पळालो. मला कुणी चढवत नव्हतं, मी आपला चढत होतो. यात कोणताही नियम मोडत नव्हता.

मागून सगळे आले. सर एका हाताने कठडा आणि एका हाताने पांढरा कोट सावरत, मॅडम निकालाचे कागद छातीशी धरून, आणि सगळ्यांच्या पुढे सतरा नंबर. ती ओरडत होती, "अहो थांबा! वेडे आहात का तुम्ही? खाली बसा आधी!" पहिल्या मजल्यावर चक्करकाका उभे होते. त्यांनी मला बघितलं, मग मागची मिरवणूक बघितली, आणि नक्की कुणासाठी ते न कळून, सुरक्षित बाजू म्हणून चक्कर येऊन पडले. सर त्यांना ओलांडून पुढे आले.

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे, वळणावर, फडफड आली. या वेळी मोठी आली. पिशवीत कोंडलेल्या पाखरासारखी, दिशा नाही, ताल नाही. मी कठडा धरला. "सर," मी म्हणालो, आणि मनगट पुढे केलं.

मोठ्या सरांना स्वतःलाच धाप लागली होती. त्यांनी बोटं ठेवली. पाच सेकंद गेले, पंधरा गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांना 'नक्की?' विचारलेला तो चेहरा होता, आणि तो हळूहळू साधा होत गेला.

"मॅडम," सर म्हणाले, "अनियमित आहे. उणे चार काढा. आणि वर दोन द्या."

"सर, यादीत याला जागा नाहीये."

"समासात लिहा. मी सही करतो." सरांनी तिथेच कठड्यावर कागद ठेवून सही केली. मॅडमनी घड्याळात बघितलं, मग सतरा नंबरकडे पेन धरलं. "चल, दुरुस्तीवर तुझी पण सही लागते. अकरा पन्नास झालेत, यादी लावायची आहे. पास आहेस तू. ऐकलंस का? पास."

सतरा नंबरने पेनाकडे पाहिलंही नाही. तिने मला खांद्याला धरून पायरीवर बसवलं, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि खाली वाकून ओरडली, "मामांना सांगा, मशीन घेऊन वर या! पळत! आणि एक स्ट्रेचर!" मग माझ्यासमोर खालच्या पायरीवर गुडघ्यांवर बसली.

"छातीत दुखतंय? डाव्या हातात?"

"नाही," मी म्हणालो. "खरंच नाही."

"चक्कर?"

"थोडी. माझी स्वतःची."

"बोलू नका आता." तिने हात एकमेकांवर चोळले, माझं मनगट घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"अगं, सही," मॅडम म्हणाल्या.

"एक मिनिट," सतरा नंबर म्हणाली. मोठे सर आणि मॅडम कागद घेऊन जिन्यात उभे राहिले, आणि ती मोजत राहिली.